ऊद मेथातली मेथी

ऊद मेथात घर घेतलं असं गावी फोनवर सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग तिथे मेथी मिळते का?" या अरबी नावाचा आपल्या मेथीशी काही संबंध नाही, हे समजावून सांगायच्या भानगडीत आम्ही आता पडत नाही. कारण ऑक्टोबर ते मार्च या काळात उत्तर 'हो' असंच आहे. मेथी मिळते, आणि ती घरच्या बाल्कनीत मिळते.

दुबई न पाहिलेल्यांसाठी थोडी ओळख. ऊद मेथा हा बर दुबईच्या बाजूचा, खाडीपासून जवळचा जुना रहिवासी भाग. इंडियन हायस्कूल, इंडिया क्लब, सेंट मेरीज चर्च, अल नस्र लेझरलँड ही इथली सगळ्यांच्या तोंडी असलेली ठिकाणं. २०११ मध्ये मेट्रोची ग्रीन लाइन सुरू झाली आणि स्टेशनच्या पाटीवर हे नाव आलं. शाळेमुळे भारतीय कुटुंबं भरपूर. बऱ्याच इमारती जुन्या, मध्यम उंचीच्या, त्यामुळे बाल्कन्या जरा ऐसपैस. एरवी या बाल्कनीत काय असतं? कपडे वाळत घालायचा स्टँड, मुलांना लहान झालेली सायकल आणि गावी सामान पाठवायला जपून ठेवलेले खोके. आता त्यांच्या शेजारी कुंड्या दिसू लागल्या आहेत. शोभेची झाडं पूर्वीही असायची, पण आता मेथी, कोथिंबीर, मिरची, वांगी आणि अळूसुद्धा दिसतो.

याला सुरुवात कधी झाली, असं विचारलं तर अनेक जण एप्रिल २०२० सांगतात. त्या महिन्यात दुबईत जवळजवळ तीन आठवडे चोवीस तासांची संचारबंदी होती. किराणा आणायला बाहेर पडायचं तरी परवानगी घ्यावी लागे. दुकानात माल कमी पडला नाही, हे खरं. पण हा देश आपलं ८० ते ९० टक्के अन्न बाहेरून आणतो, हे वाक्य तोवर फक्त बातम्यांमध्ये वाचलेलं होतं. त्या दिवसांत ते प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात येऊन बसलं. कुणी मिसळणाच्या डब्यातले मेथीदाणे भिजवले, कुणी पुदिन्याच्या काड्या ग्लासात ठेवल्या. संचारबंदी संपली, कुंड्या राहिल्या.

पैशांचा हिशेब आधी करून टाकू

घरची भाजी स्वस्त पडते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. निदान इथे तरी नाही. कुंड्या, त्यांच्याखालचे ट्रे, मातीच्या पिशव्या, कोकोपीट, गांडूळखत असं सगळं विकतच आणावं लागतं. आमच्या घरी पहिल्या हिवाळ्यात चारशेच्या आसपास दिरहम गेले. तेवढ्या पैशांत वर्षभर मेथीच्या जुड्या आणता आल्या असत्या. दुसऱ्या वर्षापासून खर्च उतरतो, कारण कुंड्या आणि माती तीच असते. तरीही चार माणसांची रोजची भाजी दोन मीटरच्या बाल्कनीतून निघत नाही. आठवड्यातून एखादी पालेभाजी, रोजची कोथिंबीर, चहाला गवती चहा आणि फोडणीला कढीपत्ता, एवढं मात्र नीट जमतं.

मग करायचं कशाला? याचं पहिलं उत्तर चवीत आहे. कोथिंबीर तोडल्यापासून वरणात पडेपर्यंत एक मिनिट गेलं तर तिला जो वास असतो, तो विमानातून आलेल्या आणि तीन दिवस फ्रीजमध्ये बसलेल्या जुडीला नसतो. यात भावनेचा भाग नाही. तोडल्यानंतर पानांतली सुगंधी तेलं कमी होत जातात. दुसरं म्हणजे लागेल तेवढंच तोडता येतं. चार मिरच्या हव्या असतील तर चारच. निम्मी जुडी फ्रीजमध्ये काळी पडून कचऱ्यात जाणं बंद झालं, हा आमच्या घरातला सगळ्यात ठळक फरक.

पण एवढ्यासाठी कुणी पाच-सहा वर्षं रोज सकाळी पाणी घालत राहत नाही. खरी कमाई दुसरीकडे आहे.

उलटं पंचांग

दुबईत राहून सगळ्यात आधी काय हरवतं, तर ऋतू. सुपरमार्केटमध्ये बारा महिने सगळं मिळतं. मटार मे महिन्यातही असतो आणि भेंडी डिसेंबरातही. मृग लागला, श्रावण संपला, हे कॅलेंडर पाहून कळतं. ताटात काही बदल होत नाही. वर्षाचा सरासरी पाऊस १०० मिलिमीटरच्या आसपास. कोकणात जुलैतल्या एका दिवसात एवढा पडून जातो.

कुंडीत काही लावलं की ऋतू परत येतात, फक्त उलटे येतात. आपल्याकडे मृगाचा पेरा. नवीन आलेली मंडळी त्याच सवयीने जूनमध्ये बी टाकतात आणि ४५ अंशांच्या उन्हात आठवडाभरात सगळं करपतं. इथला पेरा सप्टेंबरअखेरीला सुरू होतो. म्हणजे नेमका नवरात्राच्या सुमारास. घटस्थापनेला आपण पत्रावळीवर किंवा परडीत माती पसरतो, त्यात सात किंवा नऊ धान्यं पेरतो आणि नऊ दिवस त्याला पाणी घालतो. बियाणं कसं उगवतंय हे पेरणीआधी पाहण्याची ही जुनी रीत आहे, असं घरातली वडीलधारी माणसं सांगत आली आहेत. महाराष्ट्रात ती रब्बीच्या तोंडावर येते. दुबईतही घट उगवला की समजावं, आता बाल्कनी पेरायला हरकत नाही. इतकं चपखल बसणारं पंचांग दुसरं नाही.

योगायोग असा की दुबईचे शासक शेख मोहम्मद बिन रशीद अल मक्तूम यांनी 'प्लँट द एमिरेट्स' ही राष्ट्रीय मोहीम ऑक्टोबर २०२४ मध्येच जाहीर केली. देशात शेती वाढावी, शाळांनी आणि लोकांनी स्वतः काही पिकवावं, हा तिचा उद्देश. त्या वर्षी घटस्थापनाही ३ ऑक्टोबरला होती.

नवरात्रात रोपं टाकली की पुढचं वेळापत्रक आपोआप लागतं. दिवाळीच्या सुमारास मेथीची पहिली भाजी. डिसेंबरात मुळा आणि पालक. वांग्याची रोपं वेळेवर लावली तर जानेवारीत भोगीच्या भाजीला घरचं वांगं. हरभरा, पावटा, बोरं बाजारातून आणा, पण एक वांगं आपलं असलं तरी ती भोगी वेगळी होते. आमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरांत आता 'भोगीला वांगं' ही चक्क स्पर्धा झाली आहे आणि मुलं त्यात आईवडिलांपेक्षा पुढे आहेत.

मे ते सप्टेंबर बाल्कनी जवळजवळ पडीक राहते. गवती चहा, कढीपत्ता आणि अळू सावलीत तग धरतात, तेवढंच. रिकाम्या कुंड्यांतली माती ओली करून, पारदर्शक प्लास्टिकने झाकून उन्हात तापू द्यावी. त्यातली कीड आणि तणाचं बी बरंचसं मरतं. कोकणात पावसाआधी भाजावळ करतात. इथे ते काम सूर्यच करून देतो.

वाळूतली भाजी

'वाळवंटात भाजी कशी येणार?' ही शंका मुंबईकराने तरी घेऊ नये. मुंबईच्या बाजारात लहान मुलाच्या मुठीएवढ्या जुड्यांत मिळणारी समुद्रमेथी वाळूतच वाढते. दोन पानांवर आलेली, मुळांसकट उपटलेली, नाजूक. दहा पाण्यांनी धुवा, तरी एखादा वाळूचा कण दाताखाली यायचाच. तीच मेथी इथे उत्तम येते. फक्त समुद्रकाठची खारी वाळू घ्यायची नाही. नर्सरीत 'स्वीट सॉइल' नावाने क्षार नसलेली वाळूसारखी माती मिळते. त्यात निम्मं कोकोपीट आणि गांडूळखत मिसळायचं. किराणा दुकानातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवायचे, सकाळी पसरट कुंडीत दाट पेरायचे, वर बोटभर माती. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात. दहा-बारा दिवसांत उपटली तर समुद्रमेथी, चार आठवडे थांबलात तर आपली नेहमीची.

धणे मात्र अख्खे पेरू नयेत. लाटण्याने हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करावेत, मग पेरावेत. अळूसाठी बाजारातल्या अळकुड्या मातीत पुरल्या तरी चालतात. मात्र वड्यांना काळ्या देठाचा अळू लागतो, त्याचा कंद कुणाकडून तरी मागूनच आणावा लागतो. या कंदाची देवाणघेवाण ही ऊद मेथातली एक गुप्त अर्थव्यवस्थाच म्हणा ना. एक कंद द्यायचा आणि पहिल्या अळूवडीचं आमंत्रण घ्यायचं!

पाण्याचा एक बारकावा नवीन माणसाला माहीत नसतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या तापतात आणि दुपारी साध्या नळाला हात भाजेल असं पाणी येतं. ते थेट रोपाला घातलं तर मुळं शिजतात. म्हणून रात्रीच बादली भरून घरात ठेवायची, सकाळी लवकर घालायची. हे पाणी समुद्राचं पाणी गोडं करून आलेलं असतं. त्यामागे किती इंधन जळतं हे लक्षात आलं की भांडं वाया जाऊ देववत नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी आमच्याकडे मोरीत जात नाही, कुंडीत जातं.

उन्हासाठी धडा घ्यायचा तर दुबईहून दीड-दोन तासांवरच्या अल ऐनला जाऊन यावं. तिथल्या मरूद्यानांचा २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. वर खजुराच्या झावळ्या, त्यांच्या सावलीत लिंबासारखी फळझाडं, आणि त्यांच्याही खाली चारा आणि भाजीपाला. पाटाचं पाणी वळणावळणाने सगळ्यांना मिळतं. आपल्या कोकणातली नारळ-सुपारीची वाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच ओळखू येईल. बाल्कनीत तेच छोट्या प्रमाणात करायचं: उन्हाच्या बाजूला मिरची आणि वांगं, त्यांच्या आडोशाला कोथिंबीर, भिंतीकडच्या सावलीत अळू आणि पुदिना. पूर्वेची बाल्कनी असेल तर नशीबवान. पश्चिमेची असेल तर हिरवी जाळी बांधा.

उंच मजल्यावर मधमाशी क्वचितच येते. मिरची-टोमॅटोला फांदी हलकेच हलवली तरी पुरतं. दुधी भोपळ्याला मात्र माणूस लागतो. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. नर फूल तोडून, ते मादी फुलाला (जिच्या देठाशी इवलासा दुधी असतो) अलगद टेकवायचं. हे काम मुलांना द्या. दुधीचं नाव काढलं की पानावरून उठणारी मुलं, स्वतः जमवलेल्या दुधीची भाजी मागून खातात, हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

फोनवर बोलायला विषय

आमच्या मजल्यावरच्या एका घरात दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आजोबा आले, संगमनेरकडचे. आयुष्यभर शेती केलेला माणूस. मुलगा-सून नोकरीवर, नातू शाळेत. पहिले आठ दिवस दुबई पाहण्यात गेले. नंतर दिवसभर ते खिडकीतून खाली गाड्या बघत बसायचे. भाषा येत नाही, एकट्याने बाहेर पडायची धास्ती. "मी इथं काय करू रे? माझं तिकीट काढ," असं रोज म्हणायला लागले. सुनेने शेवटी पाच रिकाम्या कुंड्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

माती हातात घेऊन त्यांनी आधी वास घेतला, मग म्हणाले, "हिच्यात जीव नाही." पुढचे दोन महिने ते मातीत जीव घालत होते. भाज्यांची देठं, चहाचा चोथा, केळ्याची सालं वाळवून, चुरून, थरावर थर. जाताना पाचही कुंड्या भरलेल्या होत्या आणि नातवाला मावा कसा ओळखायचा, पानाच्या पाठीमागून कडुनिंबाच्या तेलाचं पाणी कसं मारायचं, हे पाठ झालं होतं.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. परदेशातल्या मुलाचा आणि गावच्या बापाचा फोन कसा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. "जेवलास का?" "हो. तब्येत कशी आहे?" "बरी आहे." "औषधं घ्या." संपलं. दोघांना बोलायचं असतं, पण दोघांच्या दिवसांत सामायिक असं काही उरलेलं नसतं. त्या घरात आता रविवारचा फोन अर्धा तास चालतो. वांग्याला फूल गळतंय, काय करू? पानं पिवळी पडताहेत, वरची की खालची? व्हिडिओ कॉलवर कुंडी दाखवली जाते आणि पलीकडून आजोबा हुकूम सोडतात. ज्याचं ज्ञान आता कुणाला नको होतं, त्या माणसाला विचारायला पोरगा रोज काहीतरी शोधून काढतो. पाच कुंड्यांनी एवढं केलं. याची किंमत दिरहममध्ये कशी लावणार?

शेजारधर्माचंही तसंच. इथे एका मजल्यावर केरळी, फिलिपिनो, इजिप्तचे, आपण, असे सगळे राहतात आणि लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे ओळख जात नाही. कढीपत्त्याची एक डहाळी केरळी घराचं दार उघडते. पुदिन्याची जुडी अरबी घराचं. विकत आणलेली भाजी कुणी शेजाऱ्याला नेऊन देत नाही. घरी आलेली मात्र दिल्याशिवाय राहवत नाही.

गच्चीवरचा धडा

या सगळ्याला मराठी मुलखात मोठा वारसा आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि शेतकऱ्यांना आपापल्या रानात प्रयोग करून एकमेकांना शिकवायला लावलं. तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी त्यातून काय केलं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की उघडी जागा थोडी असली तरी चालेल. पडणारं ऊन पानांनी पकडलं पाहिजे आणि घरातला काडीकचरा मातीत परत गेला पाहिजे.

ते शहरात उतरवणाऱ्यांत प्रीती पाटील यांचं नाव पुढे आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कर्मचाऱ्यांसाठी रोज मोठा स्वयंपाक व्हायचा, त्या स्वयंपाकघराच्या त्या अधिकारी होत्या. रोजचा भाजीपाल्याचा कचरा डोळ्यांसमोर टाकून दिला जात होता. २००२ च्या सुमारास त्यांनी तो वर गच्चीवर न्यायला सुरुवात केली, त्याची माती केली आणि त्या मातीत फळझाडं, भाज्या लावल्या. पुढे त्यातून 'अर्बन लीव्ह्ज' हा गट उभा राहिला आणि मुंबईतल्या अनेक गच्च्या हिरव्या झाल्या. गोदीतल्या गच्चीवर जमतं, तर ऊद मेथातल्या बाल्कनीत का जमू नये?

फक्त इथले नियम पाळा. कठड्यावर कुंडी ठेवू नका. वाऱ्याच्या झोताने ती खाली गेली तर कुणाच्या जिवावर बेतेल. कुंडीतलं पाणी खालच्या बाल्कनीत ठिबकता कामा नये, म्हणून प्रत्येकीखाली ट्रे हवा. ट्रेमध्ये पाणी साचू देऊ नका, डास होतात. बाहेरून बाल्कनी अस्ताव्यस्त दिसली तर पालिकेची हरकत येऊ शकते. आणि घरमालकाला, इमारतीच्या वॉचमनला आधी विचारा. पहिली मेथी त्यालाच द्या, पुढची वर्षं सोपी जातात.

कुंडी मागेच राहते

आखातातल्या घराला एक गोष्ट कायम चिकटलेली असते. घर भाड्याचं, मुक्काम व्हिसापुरता. नोकरी बदलली, करार संपला, मुलाला बारावीनंतर पुढे पाठवायचं ठरलं, की महिन्याभरात गाशा गुंडाळावा लागतो. फर्निचर विकलं जातं, गाडी विकली जाते. कुंड्यांना गिऱ्हाईक नसतं आणि त्या बरोबरही नेता येत नाहीत. माती भारतात न्यायला बंदी आहे, आणि रोपं न्यायची तर आयातीचा परवाना आणि रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. उलट दिशेलाही कागदपत्रं लागतातच, म्हणून गावाकडून कढीपत्त्याचं रोप बॅगेत कोंबून आणायचा मोह टाळावा. ते इथल्या नर्सरीत मिळतं.

म्हणून निघणारं कुटुंब कुंड्या वाटून जातं. आमच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्याचं हे चौथं घर आहे. आधीची तीन कुटुंबं आता पुणे, टोरांटो आणि मस्कतमध्ये आहेत, आणि तिघीही अधूनमधून त्याचा फोटो मागतात. उद्या आम्हाला जावं लागलं तर तो पाचव्या घरी जाईल. 'इथे आपलं काहीच नाही, सगळं तात्पुरतं,' असं म्हणत इथे वीस-वीस वर्षं काढणारी माणसं आपल्यात पुष्कळ आहेत. कमरेएवढं झालेलं झाड ज्यांनी दुसऱ्याच्या हवाली केलं आहे, ती हे वाक्य थोडं कमी वेळा म्हणतात, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा यंदा नवरात्रात एक करा. दसऱ्याला घट उठले की कोंब वडीलधाऱ्यांना द्या, देवाला वाहा, नेहमीसारखं सगळं करा. विसर्जनाला इथे नदी नाही, ती माती कुठे टाकायची हा दरवर्षी प्रश्न असतोच. ती टाकू नका. एका कुंडीत घाला, वर मूठभर भिजवलेले मेथीदाणे पेरा आणि कुंडी बाल्कनीत ठेवा. दिवाळीच्या सुमारास भाजी तयार होईल. आणि गावाकडून कुणी विचारलंच मेथी मिळते का, तर फोटो पाठवता येईल.